सोव्हिएत युद्धपदकामागील सैनिकाचा शोध

पदक हाती येताच प्रथम त्याची मागची बाजू पाहावी. ‘रेड स्टार’, ‘ग्लोरी’ किंवा ‘देशभक्तिपर युद्ध’ या सन्मानचिन्हांवर अनुक्रमांक असतो आणि तोच पदकाला विशिष्ट सैनिकाशी जोडणारा धागा ठरतो. उलट ‘जर्मनीवरील विजयासाठी’ हे पदक लाखोंना विनाक्रमांक दिले गेल्यामुळे, सोबत प्रमाणपत्र नसल्यास, त्याचा मानकरी सापडणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून माझ्या मते नवख्या संग्राहकाने सन्मानपुस्तिकेसह, म्हणजे सैनिकाचे नाव व त्याला मिळालेले सन्मान नोंदवलेल्या पुस्तिकेसह, मिळणारे एकच पदक घ्यावे.

पुस्तिकेतील नाव, पितृनाम आणि जन्मवर्ष रशियन लिपीतच नीट उतरवून घ्यावे व रशियन संरक्षण मंत्रालयाच्या ‘पाम्यात नारोदा’ या संकेतस्थळावर शोधावे. नामसाधर्म्य फार असल्याने पितृनाम ताडून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. तेथे अनेकदा मूळ शिफारसपत्र सापडते, ज्यात त्या माणसाने कोणत्या दिवशी, कोणत्या गावापाशी काय केले हे लिहिलेले असते. ते वाचताना हातातल्या धातूचे वजन बदलते. मात्र 1985 साली हयात सैनिकांना सरसकट दिलेल्या ‘देशभक्तिपर युद्ध’ चिन्हासाठी असे पत्र शोधत बसू नये.

रशियात राज्यसन्मानांची खरेदी-विक्री बेकायदेशीर आहे, हेही ध्यानात ठेवावे.