घडीवर फुटणारं शुभेच्छापत्र

गडद निळ्या २५० जीएसएमच्या (चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाच्या, म्हणजे जाड) कार्डशीटवर कात्रीकाम करून शुभेच्छापत्र केलं. सगळं मनासारखं झालं आणि शेवटी घडी घातली, तर घडीवर रंग तडकून पांढरी, केसाळ रेघ उमटली. दोन तासांची मेहनत पाण्यात. वर घडीही तिरकी!

आधी कागदालाच दोष दिला. पण चूक माझीच होती. कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेला असतात. त्यांना आडवी घडी घातली की ते मोडतात आणि कडा फुटते. दिशा ओळखणं सोपं आहे: कागद न मोडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायचा. ज्या बाजूने तो मुकाट्याने वाकतो, घडी तीच. माझ्या ए४ कागदाचे तंतू लांबीच्या दिशेने होते आणि मी मात्र २९७ मिमीची बाजू मधोमध मोडत होते.

मग उभी घडी घातली. १०५ मिमी रुंदीचं उंच कार्ड झालं, उलट जास्त देखणं वाटलं. घडीआधी पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घेतली. रेघेच्या मागे बारीक उंचवटा येतो, तो घडीच्या आत ठेवायचा. मला वाटायचं, खाचेच्या बाजूने मोडायचं. नेमकं उलटं!

पातळ डिंकाने कागद फुगून वाकडा होतो, म्हणून कार्डावरच्या कागदी पाकळ्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावल्या. जुनं तडकलेलं कार्ड फेकलं नाही. त्याच्या पाकळ्या कापल्या.