डिझेल इंजिन बसवलेली जुनी जीप विकायची आहे? आधी आरसी बुक उघडा

देवगड असो, राजापूर असो की दापोली, कलमांच्या बागांकडे जाणारा जांभ्याचा रस्ता धरला की एखाद्या मांगराच्या (बागेतल्या खोपटाच्या) आडोशाला ताडपत्रीखाली जुनी जीप दिसतेच. यातल्या बऱ्याच गाड्या मूळच्या पेट्रोलच्या. २१९९ सीसीचे ते पेट्रोल इंजिन चढाला तेल प्यायचे, म्हणून कधीतरी ते उतरवून २११२ सीसीचे प्यूजो डिझेल बसवले गेले. कुणी मॅटाडोरचे इंजिन टाकले. मारुती जिप्सीवाल्यांनी १२९८ सीसीचे पेट्रोल काढून १५२७ सीसीचे डिझेल घातले. गाडी पुढे वर्षानुवर्षे आंब्याच्या पेट्या, खताच्या गोणी आणि माणसे वाहत राहिली. कागदाकडे कुणी पाहिले नाही. गावात कुणाला विचारलेत तर उत्तर ठरलेले: "गाडी चालता मां, मगे कागद कित्याक होये?"

विकायला काढली की कागद लागतात. मालक मात्र आधी रंगारी गाठतो, सीटा शिवून घेतो, नवी ताडपत्री चढवतो. अशा गाडीचा भाव आरसीवरच्या दोन रकान्यांवर ठरतो: इंधन आणि इंजिन क्रमांक. ते दोन्ही बॉनेटखालच्या इंजिनाशी जुळत असतील तरच रंगावर खर्च करा.

पहिले काम: तुमची गाडी नेमकी कोणत्या गटात?

मुळात इंजिन बदलले आहे का, याची खात्री करा. महिंद्राची एमएम ५४० कारखान्यातूनच डिझेल यायची. ती 'कन्व्हर्टेड' समजून घाबरणारे मालकही असतात. उंच बॉनेटची सीजे ३बी पेट्रोलची असण्याची शक्यता जास्त. आरसीवर मॉडेल, सीसी आणि इंधन वाचा. मग इंजिनाच्या ब्लॉकवरचा क्रमांक पुसून घ्या आणि ताडून पाहा. तीनपैकी एक चित्र दिसेल.

आरसीवर डिझेल आहे आणि क्रमांकही जुळतो. म्हणजे ज्याने बदल केला त्याने त्या काळी आरटीओत नोंद करून घेतली. त्याचे आभार माना आणि पुढच्या कामाला लागा.

आरसीवर डिझेल आहे, पण क्रमांक वेगळा. एकदा डिझेल नोंदवले, ते इंजिन दमल्यावर तसलेच दुसरे आणून टाकले आणि सांगायचे राहिले. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की इंजिन बदलल्याची माहिती १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची असते. उशीर झाला असला तरी ही गाठ सुटण्याजोगी असते, अट एकच: बसवलेल्या इंजिनाचे बिल हवे. भंगारातून आणलेल्या इंजिनाला बिल नसेल, तर ज्याच्याकडून घेतले त्याच्याकडून मूळ गाडीच्या आरसीची प्रत तरी मिळवा. ते इंजिन चोरीच्या गाडीचे नाही, हे दाखवणे तुमच्याच अंगावर येते.

आरसीवर पेट्रोल आणि आत डिझेल. इथे स्पष्ट बोलायला हवे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. कायदा इंधन बदलायला मुभा देतो, पण ती मान्यताप्राप्त किटपुरती. सीएनजी, एलपीजी आणि बॅटरी ही त्याची उदाहरणे. भंगारातले डिझेल इंजिन त्यात बसत नाही. कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. तेव्हा "नंतर चढवून घेऊ नोंद" असे गिऱ्हाइकाला सांगू नका. पर्याय दोनच उरतात. पहिला, मूळ पेट्रोल इंजिन किंवा त्याच जातीचे दुसरे शोधून परत बसवायचे. दुसरे बसवले तर बिलासह त्याचा क्रमांक नोंदवायचा. पडवीच्या मागे जुने इंजिन पडलेले असेल तर ते भंगारवाल्याला किलोवर देऊ नका, तुमच्या जीपचा अर्धा भाव त्यात आहे. दुसरा, गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देऊन जमा प्रमाणपत्र घ्यायचे.

काहीजण 'व्हिंटेज'चा मार्ग सुचवतात. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाड्यांना वेगळी नोंदणी मिळते खरी, पण गाडी मूळ स्वरूपात हवी; चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा बदल चालत नाही. आपल्या डिझेलवाल्या जीपला तो दरवाजा बंद आहे.

चेसिस क्रमांक: कोकणातले खरे दुखणे

इंजिनाचे एकवेळ निभते, चेसिसचे नाही. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि सांध्यांत साचलेली लाल माती यांनी चेसिसवरचा ठोकलेला क्रमांक खाल्लेला असतो. बंदरावर होडी ओढायला वापरलेली जीप असेल तर विचारूच नका. निरीक्षक पेन्सिलीने ठसा घेतो. ठसा उमटला नाही की फाइल थांबते.

क्रमांकाच्या जागी रॉकेलचा बोळा रात्रभर ठेवा, मग मऊ ब्रशने अलगद साफ करा. ग्राइंडर किंवा खरखरीत पॉलिश पेपर मुळीच लावू नका. घासलेली जागा पाहिली की क्रमांकाशी छेडछाड केल्याचा संशय येतो आणि मग गंज दाखवूनही उपयोग होत नाही. अक्षरे खरोखरच गेली असतील तर गॅरेजवाल्याकडून परस्पर ठोकून घेऊ नका. आरटीओत अर्ज करा; परवानगी मिळाल्यावरच क्रमांक पुन्हा ठोकला जातो.

पासिंग जिवंत आहे का?

खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षे टिकते, पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून वाढवावी लागते. मुदत संपण्याआधी ६० दिवसांत अर्ज करता येतो. चारचाकीला उशिराच्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये जादा लागतात, म्हणजे बरीच वर्षे झोपलेल्या जीपचा आकडा कुठवर जातो ते घरीच मांडून पाहा. मूळ फी १५ वर्षांनंतर ५,००० रुपये होती. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या हलक्या चारचाकीला ती १०,००० झाली आहे. पर्यावरण कर वेगळा, आणि त्याचा दर पेट्रोलला एक, डिझेलला दुसरा.

दहा वर्षांची डिझेल गाडी बाद होते, असे पारावर कुणीतरी सांगतेच. तो नियम दिल्ली आणि आसपासच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा. रत्नागिरीच्या एमएच-०८ ला किंवा सिंधुदुर्गाच्या एमएच-०७ ला तो लागत नाही.

जुन्या वहीसारख्या आरसीचा तपशील 'वाहन' या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीत चढलेला आहे का, हेही आधीच पाहून घ्या. नसेल तर बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. त्यात 'डिझेल'च्या जागी चुकून 'पेट्रोल' पडले तर सगळी मेहनत वाया. म्हणून नोंद होताच छापील प्रत मागून वाचा. उच्च सुरक्षा नंबर पाटी (एचएसआरपी) बसवलेली नसेल तर तीही बसवून घ्या, तिच्याशिवाय हस्तांतर अडते. गाडी पूर्वी वडापला किंवा टॅक्सी परवान्यावर होती? मग आधी खासगीत रूपांतर.

पीयूसीचा धूर

पीयूसी केंद्रात गाडीचा नंबर टाकला की इंधन नोंदणीतून येते, त्यामुळे आत-बाहेरचा फरक इथेही उघडा पडतो. डिझेलला धुराची घनता मोजतात. बीएस ४ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या गाडीला मर्यादा प्रति मीटर २.४५. वर्षभर उभी असलेली जीप थेट केंद्रावर नेलीत तर काळा लोट ठरलेला. आधी एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदला, नोझल तपासून घ्या, पंपाचे टायमिंग बघून घ्या. टाकीतले जुने डिझेल काढून टाका, आपल्या दमट हवेत त्यात पाणी उतरलेले असते. मग पंधरावीस किलोमीटर चालवून, एखादा चढ ओढायला लावून, इंजिन चांगले गरम असतानाच केंद्र गाठा.

विम्याच्या कागदावरही इंधन, सीसी आणि इंजिन क्रमांक आरसीप्रमाणेच हवा. थर्ड पार्टी हप्त्याचा वरचा टप्पा १५०० सीसीनंतर सुरू होतो. जीप दोन्ही इंजिनांनी त्याच टप्प्यात राहते, जिप्सी मात्र डिझेल होताच वर सरकते.

गाडी कुणाच्या नावावर?

कोकणात हा प्रश्न इंजिनाइतकाच अवघड. जीप वारलेल्या वडिलांच्या नावावर, एक भाऊ गावात, दुसरा विरारला, बहीण पुण्याला. गाडी आधी वारसाच्या नावावर यायला हवी. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. ही संमती गणपतीला सगळे घरी येतात तेव्हाच लिहून घ्या, एरवी कुणीच जागेवर सापडत नाही. भावाभावांत जमिनीवरून बोलणे बंद असेल तर गाडीचा विषय त्या वादात मिसळू देऊ नका. आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि त्यांचे पत्र लागेल. बँक दुसरीत विलीन झाली असेल तर नव्या बँकेकडे जा. थकलेली ई-चलने भरून टाका.

गिऱ्हाईक आणि व्यवहार

गिऱ्हाईक दोन प्रकारचे. बागायतदाराला गाडी ओढते का, फोर बाय फोर खरोखर लागते का आणि सुटे भाग कुठे मिळतात, एवढेच हवे असते. त्याच्यासाठी दिवाळीनंतर, आंब्याचा हंगाम सुरू होण्याआधी गाडी काढा. मुंबई-पुण्याहून येणारा शौकीन मात्र खाली झोपून चेसिस बघतो. विकण्याआधी खालून ताजे काळे कोटिंग मारू नका, तो ते आधी खरवडूनच पाहील. इंजिन कोणते, गिअरबॉक्स कोणता, बदल कधी नोंदवला, हे जाहिरातीत सरळ लिहा आणि आरसीच्या त्या रकान्याचा फोटो गिऱ्हाइकाला दाखवा. पावसात भेट ठरली तरी हरकत नाही. चिखलात पुढची चाके फिरताना दाखवलीत की अर्धी घासाघीस तिथेच संपते.

पैसे ठरले की एजंट कोरा टीटी सेट (हस्तांतराचे फॉर्म) पुढे करतो: "सह्या करा, बाकी आम्ही बघतो." कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की आरसीवर ज्याचे नाव तोच मालक. विकलेल्या गाडीने अपघात केला तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. फॉर्म २९ मध्ये खरेदीदाराचे नाव, पत्ता, तारीख भरा आणि १४ दिवसांत स्वतः कळवा. फॉर्म ३० त्याने ३० दिवसांत द्यायचा. विमा नावावर करून घ्यायला त्याला १४ दिवस असतात. जिल्ह्याच्या कार्यालयात जाणे लांब पडत असेल तर तालुक्याला भरणाऱ्या आरटीओ शिबिराची तारीख विचारून घ्या.

खरेदीदार गोव्याचा किंवा बेळगावचा असेल तर फॉर्म २८ वर ना हरकत घ्यावी लागते. तिथला कर आणि तिथली तपासणी त्याच्या गळ्यात. पेडण्यात किंवा बेळगावात बसलेला निरीक्षक तुमच्या जुन्या नोंदीवर विश्वास ठेवेलच असे नाही, म्हणून इंजिन बदलाच्या मंजुरीचे जुने पत्र असेल तर मूळ प्रत त्याला द्या, झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.

चावी देताना डिलिव्हरी नोट दोन प्रतींत करा. त्यात तारखेबरोबर वेळही लिहा, चेसिस आणि इंजिन क्रमांक लिहा, दोघांच्या सह्या आणि ओळखपत्रांच्या प्रती जोडा. आरसीशी जोडलेला मोबाइल क्रमांक तुमचाच असू द्या, म्हणजे ओटीपी तुमच्याकडेच येईल. थोडी रक्कम हस्तांतर होईपर्यंत मागे ठेवायची की कसे, हे तोंडी न ठेवता त्याच कागदावर लिहा. महिन्याभराने 'वाहन'वर गाडीचा नंबर टाकून मालकाचे नाव बदलले का ते पाहा. बदललेले नसेल तर फॉर्म २९ ची पोच घेऊन आरटीओच्या खिडकीशी जा.