दुपारी एक ते चार : मोबाइलशिवाय नातवंडं सांभाळताना

प्रेसमधली नोकरी संपली आणि नाशिकच्या जेलरोडच्या घरात मला नवी ड्यूटी लागली. नात चार वर्षांची, नातू दोनचा, सून अंबडच्या कंपनीत. बालवाडीला सुट्टी लागली की सकाळचं काही वाटत नाही, उन्हं चढायच्या आत मुक्तिधाम मंदिराला चक्कर होते. संध्याकाळी गच्ची असते. खरी परीक्षा दुपारी एक ते चार. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला आणि घरात फोन हाताशी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगून ठेवलंय : दोन वर्षांखालच्यांना स्क्रीन नकोच, दोन ते चार वयाला दिवसाकाठी फार तर एक तास, तोही कमी झाला तर उत्तम. ऐकायला सोपं आहे. पण फोन काढून घेतल्यावर त्या हातात काय द्यायचं, हे घरातल्याच माणसाला ठरवावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच, की मुलाला खोटं नको, खरं काम द्या. प्लॅस्टिकच्या भातुकलीतून मूल लवकर उठतं, पण खरा लसूण सोलायला दिला तर मान वर करत नाही. काम खरं, भांडं त्याच्या मापाचं आणि आपलं तोंड बंद. यातलं तिसरं सगळ्यात अवघड, विशेषतः आमच्या हिला. ‘अगं असं नाही, असं’ म्हटलं की पोर लगेच हात काढून घेतं.

एप्रिलमधलं आमचं मोठं काम म्हणजे बेदाणे. द्राक्षांचा हंगाम संपत आला की घडातून सुटलेले मणी बाजारात स्वस्तात मिळतात. किलोभर पुरतात. नात देठं काढते, फुटके-सडके वेगळ्या वाटीत टाकते आणि बाकीचे धुते. उकळत्या पाण्याचं काम माझं, तेव्हा दोघंही ओट्यापासून लांब. मणी एक-दोन मिनिटांत वर तरंगायला लागतात, सालीला बारीक चिरा पडतात. लगेच निथळून घ्यायचे. मग जुन्या धोतरावर पसरण्याचं काम पुन्हा तिचं. अट एकच : एकाही मण्याने दुसऱ्याला शिवायचं नाही. ही अट तिला फार आवडते, कारण त्यात तिला मलाही रागावता येतं. ‘आबा, तुमचे दोन चिकटले!’ वर पातळ कापड, सकाळी गच्चीवर, रात्री घरात. कडक ऊन असलं की चार-पाच दिवसांत होतात.

यात शिकण्यासारखं म्हणाल तर एक मणी फ्रीजमध्ये वेगळा ठेवायचा आणि रोज वाळणाऱ्याच्या शेजारी धरून बघायचा. कपड्यांच्या हँगरला दोन्ही टोकांना सारख्या वाट्या बांधल्या की तराजू तयार. एका वाटीत दहा ताजे, दुसरीत दहा वाळलेले. ताज्यांची वाटी खाली गेल्यावर मी विचारलं, वाळलेल्यांतलं पाणी कुठं गेलं? ‘ऊन प्यायलं,’ ती म्हणाली. मी दुरुस्त केलं नाही. बाष्पीभवन शाळेत शिकवतील. किलोभर मण्यांचे पाव किलोच्या आसपासच बेदाणे होतात, हे मात्र तिला आता पाठ आहे.

धाकट्याला यात घेत नाही. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकू शकतं. पाच वर्षांपर्यंत उभे चार काप करूनच द्यावं, हा आमच्या घरचा कायदा आहे. चिंचोके, शेंगदाणे, हरभरे हेही त्याच्या हाती लागू देत नाही. त्याला परात, दोन बोटं पाणी, गाळणी आणि स्पंजचा तुकडा. या वाटीतलं पाणी स्पंजने त्या वाटीत. पिळताना जीभ बाहेर येते, इतका जोर लागतो. फरशी ओली होणारच, खाली जुनी चादर टाकायची. पण मी तिथेच बसतो. दाराची बेल वाजली तर त्याला कडेवर घेऊन उठतो, कारण एवढ्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. खेळ संपला की परात रिकामी, पाणी तुळशीला.

वाळवणाच्या दिवसांत मुगाचे सांडगे. नातीच्या वाटणात मिरची घालायची नाही, हात डोळ्याला लागतोच. चिमटीने छोटे छोटे सांडगे कागदावर घालत जायचे. पेन्सिल धरायला जी बोटं लागतात तीच इथे तयार होतात. मला तर अक्षरं गिरवायच्या वहीपेक्षा हे बरं वाटतं.

हळदीची गंमत सोपी आहे. हळदीच्या पाण्यात कागद रंगवून वाळवायचा, मग साबणाच्या वडीवर ओलं बोट घासून त्यावर रेघ ओढायची. रेघ लाल उमटते. वरून लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. कपडे मात्र जुने घाला. सूनबाईंचा निरोप आहे.

संध्याकाळी गच्ची निवली, की तांब्याभर पाणी आणि रंगाचा जुना ब्रश. जमिनीवर ‘ग’ काढायचा, तो वाळायच्या आत दुसरा. टाकीच्या सावलीत काढलेला जास्त वेळ का टिकतो, हा प्रश्न तिने स्वतःहून विचारेपर्यंत मी गप्प होतो.

‘आबा, कंटाळा आला’ हे रोज ऐकू येतं. मी ‘बरं’ म्हणतो आणि वाचत असलेला पेपर खाली ठेवत नाही. थोड्या वेळाने उशांचं घर उभं राहतं. फोन कपाटावर असतो, माझासुद्धा. पुण्याच्या मावशीचा व्हिडिओ कॉल आला तर खाली येतो, तेवढी सूट.

बेदाणे करायचे असतील तर एप्रिल सरायच्या आत मणी आणा. मेमध्ये ते सहजी मिळत नाहीत. मग कैऱ्या आहेतच : नातीला सालं मोजायला, धाकट्याला फोडी मीठ लावून चोखायला.