पहिली कादंबरी: खर्ड्यापासून वाचकाच्या हातात जाईपर्यंत

गेल्या महिन्याभरात तीन जणांनी मला तोच प्रश्न विचारला, कादंबरी लिहून होत आलीये, आता छापायची कशी. फोनवर सांगता सांगता दर वेळी अर्धा-पाऊण तास गेला आणि तरी निम्मं राहिलंच, म्हणून इथे सगळं एका जागी लिहून ठेवते. मी नोकरी सांभाळून तीन कादंबऱ्या लिहिल्या, तिन्ही मराठीत, तिन्ही सातारा-सांगलीकडच्या, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येतील. आणि एक आधीच सांगते, पहिला खर्डा संपतो त्या दिवशी पुस्तक झालं असं वाटतं, तो आनंद अगदी खरा असतो, पण त्या आनंदात लगेच पुढचं पाऊल टाकू नका. माझं आजवर जे काही नुकसान झालं ते त्या घाईपायीच झालं.

आधी लिहिण्याबद्दल. रोज पाचशे शब्द, आठवड्यातले पाच दिवस, एवढं जरी धरलं तरी सहा महिन्यांत साठ हजार होतात आणि साठ हजार म्हणजे छापील सव्वादोनशे-अडीचशे पानांची कादंबरी. मी पहाटे पाचला बसते ते नळाला पाणी येईपर्यंत, म्हणजे सव्वासहा. त्या सव्वा तासात मोबाईल दुसऱ्या खोलीत. उठताना उद्याचं पहिलं वाक्य वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं, पूर्ण नसलं तरी चालेल, चार शब्द पुरतात, पण ते असले की दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाकडे बघत वीस मिनिटं जात नाहीत. कुणी म्हणेल आधी पूर्ण आराखडा करा, कुणी म्हणेल पात्रं नेतील तिकडे जा, दोन्ही प्रकारे चांगली पुस्तकं झालेली आहेत, त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

मात्र एक गोष्ट पहिल्या दिवसापासून करा, ती म्हणजे कादंबरीचं स्वतःचं कॅलेंडर. ज्या सालात गोष्ट घडते त्या सालचं पंचांग किंवा जुनं कालनिर्णय मिळवा (ते १९७३ पासून निघतंय, कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर जुने अंक असतातच) आणि एका लाँगबुकात महिन्याला एक पान करा. सण कधी, पाऊस कधी लागला, शाळा कधी सुटली, कुठल्या पात्राचं वय किती, कोण गरोदर आहे आणि कितवा महिना, सगळं तिथे. माझ्या पहिल्या कादंबरीत नायकाचा बाप जुलैत उसाची लागण करतो आणि पुढच्या शिमग्याला तोड येते, असं मी लिहिलं होतं. आठ महिन्यांत ऊस! माझ्या मामांनी हस्तलिखित वाचताना त्या ओळीभोवती निळ्या पेनानं गोल केला आणि बाजूला लिहिलं, "आडसाली आहे. सोळा ते अठरा महिने. शिवाय कारखाना कधी सुरू होतो ते बघ." त्या एका गोलामुळे मला दोन प्रकरणं हलवावी लागली, कर्जाचा हप्ता, बहिणीचं लग्न, सगळं एक वर्ष पुढे गेलं, आणि खरं सांगते, कादंबरी त्यामुळेच बरी झाली, कारण बापाला वाट बघायला लागली आणि त्या वाट बघण्यातच त्याचा स्वभाव दिसला.

शब्दांसाठी दोन कोश जवळ ठेवा. एक मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, त्याची १८५७ची आवृत्ती, आणि दुसरा दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतात. अवजारं, भांडी, नात्यांचे शब्द, शिव्या, सगळं सापडतं. पण कोशातला शब्द सापडला म्हणून पात्राच्या तोंडी घालू नका, तो शब्द त्या गावात त्या जातीत त्या वयाचा माणूस बोलतो का ते कुणाला तरी विचारा. बोली हा वेगळाच विषय आहे, माझं मत एवढंच की संवादात बोली पूर्ण मनानं वापरा किंवा मग नुसता तिचा हेल ठेवा, पण एका पानावर "जेवलायस काय रं" आणि पुढच्या पानावर तेच पात्र "आपण जेवण केलंत का" असं बोलायला लागलं तर वाचक तिथेच सुटतो.

वाचनाबद्दल थोडं. लिहिणाऱ्याला वाचायला वेळ मिळत नाही हे मला कधीच पटलेलं नाही. जवळच्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घ्या, वर्गणी आजही परवडणारी असते, आणि तिथे नवीन आलेल्या पुस्तकांचं कपाट दर पंधरवड्याला बघा. जुने मोठे लेखक वाचाच, पण गेल्या पाच वर्षांत मराठीत काय आलंय ते माहीत नसेल तर प्रकाशकाशी बोलताना अडचण होते, आणि आपण लिहितोय ते आधीच कुणी लिहून गेलंय का हेही कळत नाही. आवडलेल्या कादंबरीचं एक प्रकरण हातानं उतरवून काढा. दहा पानं उतरवायला दोन-तीन संध्याकाळी जातात, पण परिच्छेद कुठे तोडलाय, संवादाच्या आधी लेखक किती कमी बोलतो, हे डोळ्यांना नुसतं वाचून दिसत नाही, बोटांना दिसतं.

आता खर्डा झाला. तो दोन महिने बंद ठेवा. मग प्रिंट काढा, स्क्रीनवर नको, आणि मोठ्यानं वाचा, घरात कुणी नसताना, पहिल्यापासून शेवटपर्यंत. जिथे जीभ अडखळते तिथे पेन्सिलनं रेघ, जिथे स्वतःलाच कंटाळा येतो तिथे दोन रेघा. माझ्या तिसऱ्या कादंबरीत दोन रेघांचीच ७० पानं निघाली आणि ती सगळी गेली, त्यात माझ्या लाडक्या आजीचं एक अख्खं प्रकरण होतं. दुसरा खर्डा झाला की तीन वाचकांना द्या. एक जण भरपूर वाचणारा, एक त्या विषयातला जाणकार (माझे मामा), आणि एक असा ज्याचं तुमच्यावर फारसं प्रेम नाही. "कसं वाटलं" असं विचारू नका, "कुठे सोडून द्यावंसं वाटलं" असं विचारा आणि पान नंबर लिहून घ्या. दोघांनी एकच पान सांगितलं की ते पान चुकलंय, वाद नको.

टायपिंग युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठल्याही संगणकावर, मोबाईलवर उघडतं त्या मराठीत. अजूनही बरीच छपाईची कामं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात होतात आणि युनिकोडमधून तिकडे फाइल नेताना काही अक्षरं मोडतात, सगळ्यात जास्त मार खातो तो "ऱ्य". "वाऱ्यावर"चं "वा-यावर" होतं, "दुसऱ्या"चं "दुस-या", रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. माझ्या पहिल्या पुस्तकात अशी ४१ ठिकाणं छापून आली, कारण शेवटचं प्रूफ (छपाईआधी तपासायची प्रत) मी दोन दिवसांत बघून दिलं, प्रकाशनाची तारीख ठरली होती म्हणून. तेव्हा ऱ्य, ऱ्ह, ङ्म, ॲ असलेले आपल्या पुस्तकातले पंचवीसेक शब्द एका कागदावर काढून ठेवा आणि प्रूफ आलं की आधी तेवढेच शोधा. शुद्धलेखनाचे मराठी साहित्य महामंडळाचे एकूण १८ नियम आहेत, १४ नियम १९६२चे आणि ४ नंतर १९७२मध्ये आलेले. ते एकदा नीट वाचले तर निम्म्या चुका थांबतात. उरलेल्यांसाठी प्रूफं तपासणारा मुद्रितशोधक हवाच, आणि त्याचे पैसे वाचवू नका. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत, डोळा जे लिहायचं होतं तेच वाचतो.

प्रकाशक कसा शोधायचा? आपल्या जातकुळीची पाच-सहा पुस्तकं घ्या आणि ती कुणी काढलीयत ते बघा. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात एक दुपार घालवा, दुकानदाराला विचारा नवीन कादंबऱ्या कोण काढतंय, ते मोकळेपणानं सांगतात. मग एका पानाचं पत्र, दोन पानांत कथासूत्र (शेवटासकट, शेवट लपवू नका, तो संपादक आहे) आणि पहिली तीन प्रकरणं. पूर्ण हस्तलिखित मागितल्यावरच पाठवा. चार-सहा महिने वाट बघायची तयारी ठेवा, तीन महिन्यांनी एक नम्र फोन चालतो. नकार आला आणि त्यात एखादं वाक्य कारणाचं असलं तर ते वाक्य जपून ठेवा. मराठीत संपादनाची मोठी परंपरा आहे, मौज प्रकाशनाचे श्री. पु. भागवत, 'सत्यकथा' मासिकाचे राम पटवर्धन ही माणसं लेखकाला पत्रं लिहून लिहून मजकूर पुन्हा करायला लावायची. आज तितका वेळ फार थोड्यांकडे आहे, म्हणून कुणी खरोखर संपादन करणारा भेटला तर दुसरीकडे जास्त पैसे मिळत असले तरी याच्याकडेच जा.

पैशाचं स्पष्ट सांगते. रॉयल्टी, म्हणजे खपलेल्या प्रतीमागे लेखकाचा वाटा, साधारण छापील किमतीच्या १० टक्के असते. पुस्तक ३०० रुपयांचं, ५०० प्रती खपल्या, तर १५ हजार, तेही वर्षाच्या शेवटी हिशेब आला तर. म्हणून नोकरी सोडू नका. "लेखकाने इतके हजार भरावेत" असं कुणी म्हणालं तर ते चूकच असं मी म्हणत नाही, पण लेखी विचारा की किती प्रती छापणार, किंमत काय, माझ्या ताब्यात किती येणार, कुठल्या वितरकाकडे जाणार. चारातलं एक उत्तर जरी गोलमाल आलं तरी थांबा. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिच्यात कादंबरीही बसते. अर्ज कधी निघतात त्यावर लक्ष ठेवा.

स्वतः छापणार असाल तर फॉर्म्याचा हिशेब समजून घ्या. १६ पानांचा एक फॉर्मा, त्यामुळे २४० पानं म्हणजे बरोबर १५ फॉर्मे. मजकूर २४३ पानांवर गेला की सोळावा फॉर्मा लागतो आणि त्याची तेरा पानं कोरी, मग डीटीपीवाला (संगणकावर पानं लावणारा) ओळी दाबून बसवतो आणि पान गच्च दिसतं. त्यापेक्षा तुम्हीच तीन पानं कापा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. आणि पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला एक प्रत पाठवायची, हा १९५४चा कायदाच आहे. मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांनाही एकेक.

करार. इथे मी सगळ्यात जास्त भोगलंय. माझी दुसरी कादंबरी एका प्रकाशनाकडे पावणेचार वर्षं पडून होती, सही करून दिलेली, ना छापली ना परत दिली, आणि मला वाटत राहिलं की आपण बांधले गेलोय. नंतर एका वकील मैत्रिणीनं १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ दाखवलं. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच, आणि ज्याला हक्क दिले त्यानं वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, ते हक्क आपोआप सुटतात. माझ्या करारात वेगळं काहीच नव्हतं! म्हणजे पहिलं वर्ष संपल्यावर मी मोकळीच होते आणि पुढची पावणेतीन वर्षं उगाच झुरत बसले. म्हणून करारात मुदत, आवृत्तीच्या प्रती, किती महिन्यांत छापणार, हिशेब कधी देणार हे लिहून घ्या, आणि ईबुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट हे हक्क वेगवेगळे मोजा. एका ओळीत "सर्व हक्क कायमस्वरूपी" असं असेल तर ती ओळ खोडून मगच सही.

पुस्तक आल्यावर प्रकाशन समारंभ करायचा तर करा, पण हॉल, शाल-श्रीफळ, चहा यात जेवढे जातात तेवढ्यात चाळीस-पन्नास वाचनालयांना प्रती पोस्टानं जातात. राज्यात अ, ब, क, ड वर्गातली हजारो सार्वजनिक वाचनालयं आहेत आणि मराठी कादंबरीचा खरा वाचक तिथे आहे, दुपारी चारला येऊन टेबलावर पुस्तक उघडणारा. मी तालुक्याच्या गावी कामानिमित्त गेले की तिथल्या वाचनालयात जाऊन ग्रंथपालांना भेटतेच. एका ठिकाणी माझ्या पुस्तकाचा तारखांचा कागद भरून त्यावर दुसरा चिकटवलेला बघितला, तो आनंद मला कुठल्याही पुरस्कारानं दिला नसता.

आणि लेखकाच्या प्रती आल्या की सगळ्या वाटू नका, एक बाजूला काढा आणि तिच्या पहिल्या पानावर "दुरुस्ती प्रत" असं लिहा. वाचक फोन करून, पत्र लिहून, लग्नात गाठून ज्या चुका सांगतील त्या सगळ्या त्या प्रतीत पेन्सिलनं, तारखेसकट. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा ती प्रत जशीच्या तशी डीटीपीवाल्याच्या हातात द्यायची. माझ्या पहिल्या कादंबरीच्या त्या प्रतीत शेवटची नोंद गेल्या महिन्यातली आहे, मिरजेच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांनी फोन केला होता: पान ८८, ओळ ११, मिरज-पंढरपूर १९९० साली नॅरोगेजच होती, "एक्सप्रेस" खोडून "छोटी गाडी" करावं.