हिरवं लॉन राहू द्या, पोरांच्या हातात मापाची टेप द्या

ॲडमिशनचा सीझन आला की आमच्या मराठवाड्यातली खाजगी युनिव्हर्सिटी पेपरात काय छापते, तर हिरवंगार लॉन, एसी क्लासरूम अन् प्लेसमेंट. लॉन कशावर जगतंय ते कुणी छापत नाही. २०१६ ला ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तिथल्या बापाला लॉन दाखवून काय होणार, तो सरळ विचारतो, सर हे शिकून काम काय मिळतंय?

ह्याचं उत्तर तयार करायचं असंल तर पोरांना पाणी, वीज अन् कार्बन मोजायला शिकवा, अन् सुरुवात पाण्यापासून करा. पोरांना छपराचं माप घ्यायला लावा. १००० चौरस मीटरचं छप्पर अन् वर्षाला ७०० मिमी पाऊस धरला तर ७ लाख लिटर, गळती-बाष्प वजा करून ८० टक्के धरले तरी ५ लाख ६० हजार, म्हणजे १० हजार लिटरचे ५६ टँकर, अन् हे एका बिल्डिंगचं बरं का! मग बोअरची पातळी दर महिन्याला, हॉस्टेलला वेगळं मीटर, अन् वर्षाच्या शेवटी पाण्याचा ताळेबंद, सगळं पोरांनीच करायचं.

आमच्याकडं एका वर्षी शोषखड्डा खणला, पाहुणे आले, फोटो झाले, पुढच्या पावसाळ्यात बघतो तर छपराचा पाईप खड्ड्याला जोडलेलाच नाही. तेव्हापासून प्लंबरला लेक्चरला बोलवायचं ठरवलं, अन् खरं सांगतो, पोरं पीपीटीपेक्षा त्याचंच ऐकतात.

विजेचं पण तसंच. युनिव्हर्सिटीचं लाईटबिल वर्गात वाचा, पॉवर फॅक्टर काय (घेतलेली वीज किती कामी लागली त्याचा आकडा), डिमांड चार्ज का लागला (एकाच वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली त्याचा आकार). ग्रिडच्या एका युनिटमागं साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साईड निघतो, म्हणजे कार्बनचा हिशोब बिलावरूनच मांडता येतो.

आता काम कोण देणार? शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून टॉप १००० लिस्टेड कंपन्यांना पर्यावरणाचा रिपोर्ट देणं बंधनकारक केलंय, अन् मोठी कंपनी आपला आकडा भरायचा म्हणून सप्लायरला आकडे मागते, तो सप्लायर संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्रा एमआयडीसीतला पण असतो. युरोपनं बाहेरून येणाऱ्या स्टील-ॲल्युमिनियमवर कार्बनचा कर लावलाय, २०२६ पासूनच्या मालावर पैसे लागू. जालन्याचं स्टील सगळं काही युरोपात जात नाही, पण हिशोबाची रीत कुठल्याही भट्टीला तीच. हे आकडे भरणारा पोरगा गावातच मिळाला तर पुण्याहून माणूस कोण आणंल?

अन् इथंच खाजगी युनिव्हर्सिटीचा हात मोकळाय. संलग्न कॉलेजला सिलॅबस वरून येतो, तुमचा तुम्ही ठरवता. पर्यावरणाचा पेपर तसाही सगळ्यांना सक्तीचा, पण बहुतेक ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानातून प्रोजेक्ट येतो अन् मार्क पडतात. त्या पेपरचे निम्मे क्रेडिट तरी फील्डवर टाका. कॉलेज-युनिव्हर्सिटीला ग्रेड देणाऱ्या नॅकला दाखवायला ग्रीन ऑडिट, म्हणजे कॅम्पसची पर्यावरणाची तपासणी, करतात, ते बाहेरच्या एजन्सीकडून उगं करून घेण्यापेक्षा कच्चं ऑडिट पोरांकडून करा, एजन्सीनं फक्त तपासायचं. आकडे वाईट आले तरी लपवू नका, गेल्या वर्षी इतके टँकर अन् यंदा इतके, एवढं लिहून ॲडमिशनच्या काऊंटरवर लावा.

मॅनेजमेंट आधी मानत नाही. त्यांना टँकरचं बिल दाखवा. अन् छपराचं माप मे मध्येच घ्या, जूनमध्ये पोरं नवीन असतात अन् पाऊस कुणासाठी थांबत नाही.