बीटल्सच्या पुनर्प्रकाशित आवृत्त्या कशा ऐकाव्यात

बीटल्स या इंग्लिश रॉक बँडच्या गाण्यांची नवी आवृत्ती ऐकण्यापूर्वी ती 'रीमास्टर' (जुन्या मिश्रणाचीच सफाई) आहे की 'रीमिक्स' (वाद्ये आणि गायन नव्याने मिसळलेले), हे वेष्टनावर पाहून घ्यावे. २००९ च्या संचात मूळ मिश्रण कायम ठेवून ध्वनीची सफाई केलेली आहे. २०२२ च्या 'रिव्हॉल्वर' या अल्बमच्या रीमिक्समध्ये मात्र १९६६ साली ४ ट्रॅकच्या (समांतर ध्वनिपट्ट्यांच्या) टेपवर एकत्र मुद्रित झालेली वाद्ये संगणकाने सुटी करून निर्माते जाइल्स मार्टिन आणि ध्वनी अभियंता सॅम ओकेल यांनी ती नव्याने मांडली आहेत.

जुनी प्रत आधी ऐकावी. ती घरात उरली नसेल, तर बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात शोधावी आणि तबकडी उजेडात तिरपी धरून ओरखडे तपासूनच घ्यावी. त्यानंतर दोन्ही प्रतींचा आवाज कानाला सारखा वाटेल इतका जुळवावा, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला सहसा अधिक चांगला वाटतो आणि तुलना तिथेच फसते. माझ्या मते हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. रात्री रस्त्यावरची वर्दळ ओसरल्यावर एकच गाणे आलटून-पालटून ऐकावे, पहिल्यांदा केवळ पॉल मॅकार्टनी यांच्या बास गिटारकडे आणि नंतर रिंगो स्टार यांच्या ड्रमकडे लक्ष द्यावे. ३० वर्षे पाठ असलेल्या गाण्यात बासचा एक स्वर प्रथमच स्वतंत्र उमटला, तेव्हा मला भरून आले होते.