घड्याळाच्या केसला लेसर वेल्डिंग करताय? या चुका टाळा

‘घड्याळाच्या केसवरचा (बाहेरच्या धातूच्या कवचावरचा) खड्डा लेसर मारून भरून घेतला आणि पावसाळा संपायच्या आत तिथंच परत काळा ठिपका आला’, ही तक्रार नेहमीची. दोष लेसरच्या मशीनला दिला जातो. खरं तर ३१६एल, म्हणजे घड्याळांना वापरतात त्या स्टेनलेस स्टीलच्या केसवर नीट मारलेला टाका (वेल्ड) वर्षानुवर्षं टिकतो. घोळ होतो तो बहुतेक वेळा पहिला शॉट (लेसरचा एक ठोका) बसण्याआधीच.

धातू न बघता काम घेणं

झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलेलं असलं की फक्त झाकण स्टीलचं, असं समजा. वरची केस पितळेची आणि तिच्यावर क्रोमचा मुलामा, असं जुन्या घड्याळांत सर्रास असतं. इथं लोहचुंबक कामाचा नाही, कारण ३१६एल आणि पितळ दोन्ही त्याला चिकटत नाहीत. पट्ट्याच्या कानाच्या आतल्या बाजूला कानशीचा एक हलका हात मारा. पिवळं दिसलं तर लेसर नको. पितळ वितळतं त्याच सुमाराला, ९०७ अंशांना, त्यातलं जस्त उकळतं. पांढरा धूर निघतो आणि टाका जाळीसारखा भोकाभोकांचा होतो. अशा केसला साधा सोनारी डाग (सोल्डर) देऊन नवा मुलामा चढवलेला बरा.

खड्डा न खणता भरणं

सगळ्यात जास्त कामं इथंच फसतात. मागच्या झाकणाखाली, रबर रिंग बसते त्या खाचेत, घाम साचून खड्डे पडतात. वरून टाचणीच्या टोकाएवढा दिसणारा ठिपका आत रुंद असतो आणि तळाशी घामातलं मीठ आणि गंज बसलेला असतो. त्यावर शॉट मारला की ती घाण गॅस होऊन उसळते. वरून गुळगुळीत, खाली पोकळ. पॉलिशला लावलं की पोकळी उघडी पडते.

म्हणून घड्याळाचं मशीन (आतली यंत्रणा) डायलसकट, काच, चावी आणि सगळ्या रबर रिंगा काढा. मशीन आणि डायल आत राहू दिली तर चुकलेला शॉट काचेतून आरपार जाऊन डायल जाळतो. केस अल्ट्रासोनिक क्लीनरमध्ये धुवा, मग बारीक गोल बरने (फिरत्या कातरणाऱ्या टोकानं) खड्डा उघडा करत न्या. १० पटीच्या भिंगाखाली तळ चकचकीत दिसेपर्यंत, एकही काळा कण न राहीपर्यंत. पुन्हा धुवा, पूर्ण वाळवा. खड्डा मोठा झालेला बघून जीव कासावीस होतो, पण भरायचा तोच असतो.

मिळेल ती तार आणि सोन्याचांदीची सेटिंग

लेसर आपल्याकडे दागिन्यांच्या कामाला असतो, नाहीतर साचे दुरुस्तीला. कोल्हापुरातल्या गुजरीतल्या सराफांनी चांदीसाठी लावलेली मशीनची सेटिंग स्टीलवर चालत नाही. चांदी बहुतेक प्रकाश परत फेकते आणि उष्णता पटकन पसरवते, म्हणून तिला जोरदार शॉट लागतो. तोच शॉट स्टीलच्या पातळ कडेला भोक पाडतो. उद्यमनगरातल्या कारखान्यात साचे दुरुस्तीची टूल स्टीलची तार हाताशी असेल तर तीही नको. टूल स्टीलचा टाका घामानं गंजतो. ३१६एलला ३१६एलचीच तार घ्या, ०.२५ ते ०.३ मिमी जाडीची. लेसरचा स्पॉट (किरणाचा ठिपका) तारेपेक्षा थोडा मोठा, ०.४ मिमीच्या आसपास. आधी त्याच धातूच्या भंगार तुकड्यावर दहा-बारा शॉट मारून बघा. पुढचा शॉट मागच्यावर निदान अर्ध्याहून जास्त चढला पाहिजे.

आणि मारताना पंखा बंद! टाक्याला हवेपासून वाचवणारा आर्गन वायू नळीतून येतोय, पण वरचा पंखा तो उडवून लावतो आणि टाका काळवंडतो. टायटॅनियमला तर याची फारच नाटकं: चंदेरी किंवा फिकट सोनेरी रंग चालेल, निळा-जांभळा किंवा राखाडी आला तर टाका ठिसूळ झाला, खरवडून परत करा.

फिनिशिंगची घाई

भराव मूळ पातळीच्या ०.१ ते ०.२ मिमी वर ठेवा आणि उतरवताना आधी कानस, मग पॉलिश पेपर, शेवटी बफ. थेट बफवर धरलं तर कडा गोल होतात. साध्या लोखंडावर वापरलेला तारेचा ब्रश इथं लावू नका; लोखंडाचे कण घुसतात आणि चांगल्या स्टीलवर तांबूस डाग उमटतात.

रिंगची खाच भरली असेल तर ती लेथवर सपाट करून घ्या. हातानं कानस मारून ती सपाट होत नाही, आणि पाणी तिथूनच शिरतं.

टाका पक्का म्हणजे वॉटरप्रूफ, हा समज

पाणी अडवते ती रबर रिंग. जुनी परत बसवू नका. नवी घ्या, सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात द्या. मशीन न बसवता रिकामी केस प्रेशर टेस्टरवर ३ बारला तपासा. घड्याळ जोडून झाल्यावर आयएसओ २२८१० या घड्याळांच्या पाणीरोधकतेच्या आंतरराष्ट्रीय मानकातली धुक्याची चाचणी करा: घड्याळ ४० ते ४५ अंशांच्या प्लेटवर दहा मिनिटं तरी ठेवायचं, काचेवर खोलीच्या तापमानाच्या पाण्याचा थेंब टाकायचा, मिनिटभरानं पुसायचं. आतून धुकं धरलं तर आधी चावीची नळी आणि तिची रिंग बघा, टाक्याकडे नंतर.